दुसऱ्याचं वाक्य

मनोहरभाऊ गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नाचणगावात एका नव्या घराची चौकट बसवत होतो. घरमालकाच्या मोबाईलवर सेलूहून फोन आला. मी ऐकलं, चौकट ओळंब्यात घेतली, पाचर ठोकली आणि मगच खाली उतरलो. काळीज लाकडाचं आहे मिस्त्रीचं, असं तिथं कोणीतरी बोललं. बोलू द्या. चौकट वाकडी सोडून आलो असतो तर भाऊंनी तिरडीवरूनही विचारलं असतं, ‘काऊन रे, काम कोनाच्या भरवशावर टाकलं?’

याला आता दीड महिना झाला. मी चौथी पास माणूस, लिहायचा सराव नाही. पण भाऊंवर दुसऱ्या कोणी लिहिलं तर ते गोड गोड लिहितील, आणि भाऊ गोड नव्हते.

सेलूत त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानामागच्या खोलीत आमची नाटक कंपनी. ज्यांचं नाव झालं त्यांची नाटकं करायला नागपूर आहे, असं ते म्हणत. आपण ज्यानं कधी लिहिलं नाही त्याचं करायचं. दरवर्षी दिवाळीनंतर जिल्ह्यातल्या एखाद्या नव्या माणसाचं नाटक उभं राही. पण त्यांचा एक कायदा होता. लिहिणाऱ्यानं आधी एक वर्ष विंगेत बसून दुसऱ्याच्या नाटकाचं प्रॉम्प्टिंग करायचं, म्हणजे नट अडखळला की हळूच वाक्य पुरवायचं. ‘नट जिथं रोज अडते, तिथं लिहिनाऱ्याचं काही चुकलं असते. हे विंगेतूनच दिसते, बापा.’

मी कंपनीचा सुतार. नव्वदच्या पुढेमागे मीही एक नाटक लिहिलं, दोनशे पानी वहीत. भाऊंनी वही गल्ल्याखालच्या कप्प्यात ठेवली. ‘वर्सभर विंगेत बस, मंग वाचतो.’ मी म्हटलं, ‘आपन पडदे उभे करनारा मानूस. पुटपुटनं आपलं काम नाई.’ खरी गोष्ट अशी की मला झरझर वाचता येत नव्हतं, आणि ते मी कोणाला सांगणारही नव्हतो. दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊंचं बोलावणं आलं, दुकानाची फळी हलते म्हणून. जाऊन पाहिलं तर फळी पक्की. ‘आलाच तं बस,’ म्हणाले, आणि त्या वर्षीचं नाटक मोठ्यानं वाचू लागले. गिऱ्हाईक आलं की वाक्य अर्ध्यातच सोडून लुगडं दाखवत. गिऱ्हाईक गेलं की विचारत, ‘कुठं होतो, मिस्त्री?’ ते मी सांगायचं. अशा दुपारी किती गेल्या... दोन महिन्यांत सगळं नाटक मला पाठ झालं. मी हातात वही न घेता विंगेत बसलो. बसायला स्टूल मीच केलं, तीन पायांचं, बिनपाठीचं, म्हणजे बसणाऱ्याला डुलकी लागू नये.

ते नाटक समुद्रपूरच्या एका तरुण मास्तराचं होतं. त्यात नवरा बायकोची माफी मागतो, तिथं मास्तरानं चांगलं चार ओळींचं जड वाक्य घातलं होतं. नट नेमका तिथं अडला. वाक्य मला येत होतं, जिभेवर होतं. पण मला ते मुळातच आवडत नव्हतं. मी विंगेतून सांगितलं, ‘चुकलो वं, भाकर वाढ.’ नट तेच बोलला. लोक हसले, टाळ्या पडल्या, बाया डोळे पुसू लागल्या. मी छाती काढून बसलो. नाटक संपल्यावर भाऊ जवळ आले. ‘तुह्यं वाक्य त्याच्याहून चांगलं होतं. म्हनून जास्त वाईट झालं. नटाले वाक्य मास्तराचं पायजे होतं, तू तुह्यं देल्लं. समुद्रपूरले जाऊन चुकलो म्हनून ये. तोवर तुह्या वहीले मी हात लावत नाई.’

मी दोन वर्षं गेलो नाही. पडदे ठोकायचो, भाऊंशी कामापुरतं बोलायचो. एकदा ते चिडून म्हणाले, ‘अबे, चुकलो हे नटाच्या तोंडात घालता येते, सोताच्या तोंडात येत नाई?’

शेवटी गेलो, एसटीनं. मास्तरानं ओळखलं, चहा पाजला. नवीन काही लिहिलं का, असं मी त्याला विचारलं. तो हसला. ‘नाई मिस्त्री. त्या टाळ्या आयकल्या ना, तवाच समजलं, आपल्याले जमत नाई.’ मी चहाचा ग्लास खाली ठेवला. ‘चुकलो’ म्हटलं मी, जन्मात पहिल्यांदा. तो म्हणाला, जाऊ द्या. पण त्यानं पुढं कधीच लिहिलं नाही. परत येऊन भाऊंना सांगितलं तर त्यांनी हातातली मीटरपट्टी खाली ठेवली. मग कप्प्यातून माझी वही काढली.

माझ्या नाटकात पोरगा शहरात जायला निघतो तेव्हा खाटेवरचा म्हातारा म्हणतो, ‘जा, पन दार लावून नको जाऊ. मले उठता येत नाई.’ भाऊंना ते पटेना. ‘लोक हसतीन रे.’ मी म्हटलं, माझा बाप असंच बोलला होता. तालमी संपेपर्यंत आमचं भांडण चाललं. प्रयोगाला स्टुलावर भाऊ स्वतः बसले. आणि म्हाताऱ्याचं काम करणारा नेमका तिथंच अडला. मी समोरच्या विंगेत हातोडी घेऊन उभा होतो. मला भाऊंचे ओठ दिसले. माझंच वाक्य, एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

लोक हसले. भाऊ बरोबर होते.

पडदा पडल्यावर म्हणाले, ‘हसले ना?’

‘हसले.’

‘बदलतं?’

‘नाई.’

‘मंग उद्याबी हेच सांगीन.’ आणि तंबाखू मळायला घेतली.

आता दुकानाची मागची खोली उघडी असते, पण ‘कुठं होतो, मिस्त्री?’ म्हणणारं कोणी नाही. दुपारी गिऱ्हाईक दुकानातून बाहेर पडलं की अजूनही माझे कान तिकडं लागतात...

यंदा नाचणगावच्या एका पोरीचं नाटक घेतलं आहे. कंपनीतल्या पोरांनी विंगेतलं स्टूल पुसून माझ्यापुढं ठेवलं. डोळ्यांना दुसऱ्याचं बारीक अक्षर आता लागत नाही, म्हणून ती पोरगी दुपारी येते आणि वाचून दाखवते. तिसऱ्या प्रवेशात तिचं एक वाक्य आहे, मला बिलकुल आवडत नाही. तिला सांगितलं, तर म्हणते, ‘आजोबा, ते तसंच राहीन.’ चांगलीच हट्टी आहे.

ते वाक्य मी सगळ्यांत आधी पाठ केलं.