दुसरी राखीव

डेपोत तिला सगळे राखीवताई म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. ती बस चालवायची, पण तिची स्वतःची अशी बस नव्हती. सकाळी एखादा चालक आला नाही, तर त्याची गाडी पहिला राखीव न्यायचा. आणखी एकानं दांडी मारली, तरच हिची पाळी. एरवी इस्त्रीचा गणवेश घालून ती बाकावर बसलेली, आणि टोमणे मारणारे महाभाग डेपोत काही कमी नव्हते.

अशात व्यवस्थापकांनी फळ्यावर सूचना लावली. वर्षभराचे आकडे देऊन साहेबांनी लिहिलं होतं, रोज सरासरी एकसुद्धा चालक गैरहजर नसतो, तेव्हा एक राखीव पुरे. दुसरी जागा बंद. हरकत असल्यास उद्या भेटावं. ताईनं ते आकडे कागदावर उतरवून घेतले. जागा गेली की स्टिअरिंग सुटलं आणि जन्मभर तिकीटखिडकी. इतक्या हट्टानं गाडी शिकलेल्या बाईला ते कसं सोसावं?

घरी तिनं ते आकडे लेकीपुढे ठेवले. लेक कॉलेजात संभाव्यता शिकत होती.

"आई, न आलेल्या चालकांच्या संख्येला एक्स म्हणू. शंभर सकाळी धर. पन्नास सकाळी एक्स शून्य, तीस सकाळी एक, पंधरा सकाळी दोन आणि पाच सकाळी तीन."

"म्हणजे पन्नास सकाळी कुणी ना कुणी नसतंच की!" ताईनं बेरीज ठोकून दिली. "अर्धे दिवस मी लागते. सांगतेच साहेबांना."

"तू नाही, पहिला राखीव लागतो. एक्स एक असला की तो जातो आणि तू चहा पितेस. तू जातेस ती एक्स दोन किंवा त्याहून जास्त असला तर. पंधरा आणि पाच, वीस."

ताईचा चेहरा पडला. पन्नास कसं भारदस्त वाटत होतं! क्षणभर वाटलं, तेच द्यावं ठोकून. मग तिची तिलाच लाज वाटली. मागचा आरसा बघितल्याशिवाय कधी गाडी मागे न घेतलेली बाई आता थापा मारणार होय?

दुसऱ्या दिवशी ती साहेबांसमोर उभी राहिली. "साहेब, तुमची सरासरी बरोबर आहे. पाऊण चालक. पण पाऊण चालक कधी गैरहजर राहत नाही हो! कधी कुणीच नाही, तर कधी तिघं एकदम. दोघं किंवा तिघं नसतात अशा शंभरात वीस सकाळी. म्हणजे पाचांतली एक. त्या सकाळी मी नेली असती ती बस इथंच उभी राहणार आणि माणसं थांब्यावर."

साहेब सरळ माणूस. त्यांनी बेरीज करून पाहिली आणि हसले. "मला वाटलं, तुम्ही पन्नास म्हणणार. बरं, उरलेल्या चार सकाळी तुमचं काय काम?"

ताईची मान ताठ झाली. "त्या चार कोणत्या, हे आधी कळत नाही ना साहेब. म्हणून मी पाचही सकाळी येते."

साहेब उठले, फळ्यापाशी गेले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं सूचना काढून टाकली.