खुर्चीभोवतीची वायर

लाइनमन निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण गल्लीत अजून कोणी त्यांना नावानं हाक मारत नाही. तेहतीस वर्षं टेलिफोनच्या तारा ओढण्यात गेली. बोटांना सवय अशी लागली की जेवताना ताटाजवळ दोरा दिसला, तरी ते त्याची नीट गुंडाळी करून ठेवत.

त्यामुळे मुलीनं आपोआप गवत कापणारं यंत्र पाठवलं, तेव्हा ते लहान पोरासारखे खूश झाले. यंत्र काळं, बसकं, कासवासारखं. सोडलं की कापत फिरायचं, दमलं की भिंतीलगतच्या आपल्या खोपटात जाऊन चार्ज होत पडायचं. फक्त त्याला हद्द आखून द्यावी लागे. हिरवळीच्या कडेनं बोटभर खोल वायर पुरायची. वायर आली की ते वळे.

बायकोला मात्र ते डोळ्यांसमोर नको होतं. वीस वर्षं हातानं ढकलायचं मशीन चालवून हिरवळ तिनं राखली होती.

“म्हणजे मी आता कामातून गेले, असंच ना?”

वायर पुरायच्या दिवशी तिनं लोखंडी खुर्ची आणून हिरवळीच्या मधोमध टाकली आणि ठाण मांडलं. “मी हलायची नाही. घाला माझ्या अंगावरून तुमचं कासव.”

“अगं, ऊठ. तमाशा नको.”

“नाही म्हणजे नाही.”

लाइनमननी वाद घातला नाही. कडेच्या वायरीतून एक फाटा खुर्चीपर्यंत नेला, खुर्चीभोवती गोल फिरवला आणि त्याच चरातून परत आणला. जाणारी आणि येणारी वायर एकमेकींना चिकटून असली की यंत्राला ती जाणवतच नाही. जाणवतो तो फक्त गोल.

“घे. हे तुझं राज्य. इथं कोणी पाऊल टाकणार नाही.”

ती इतकी हसली की खुर्चीसकट कलंडायची बाकी राहिली.

मग रोज दुपारी ती तिथंच बसू लागली. मांडीवर मटार, पायाशी छोटा ट्रान्झिस्टर. यंत्राला ती जावईबापू म्हणे. “खातो, झोपतो, बागेत फेऱ्या मारतो, आणि बोलायची सोय नाही!” ते गुरगुरत पायांपाशी येई, थबके, वळे. “आलात? या आता,” ती म्हणे.

गेल्या वर्षी एका दुपारी ती त्या खुर्चीतच गेली. ना हाक, ना आवाज. मान जराशी कलली, एवढंच.

खुर्ची त्याच आठवड्यात अडगळीच्या खोलीत गेली. वायर जमिनीतच राहिली. त्या गोलातलं गवत वाढत वाढत गुडघ्याला लागलं. भोवतीची हिरवळ गुळगुळीत, आणि मध्ये तो झुपका. यंत्र रोज तिथवर जाई, थबके आणि अदबीनं वळे, कोणी बसलंय असं समजून. लाइनमननी त्या बाजूच्या खिडकीचा पडदा सरकवणं सोडलं. पण गुरगुर ऐकू येईच. आवाज थांबला की त्यांचा हातातला घास थांबे. पुन्हा गुरगुर सुरू झाली की मग ते चावू लागत.

“लाइनमन, तेवढंच का हो ठेवलंय? साप निघेल एखाद्या दिवशी,” शेजारीण कुंपणावरून म्हणाली.

“राहिलंय,” ते म्हणाले.

मग एक दिवस यंत्र खोपटातून बाहेरच पडेना. लाल दिवा. वायर कुठंतरी तुटली होती. मुलगी नेमकी दोन दिवसांसाठी आली होती.

“बाबा, कडेची वायर सरळ जोडून टाका ना. मधला गोल राहू दे तुटलेला. मला बघवत नाही तो.”

“आधी तूट कुठाय ते बघू,” ते म्हणाले. पण बोलताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

जुन्या पिशवीतला टोन सोडायचा डबा त्यांनी वायरीला जोडला आणि बायकोचा ट्रान्झिस्टर मुलीच्या हातात दिला. वायर जिवंत असेल तिथं तो गुणगुणेल, तुटली असेल तिथं गप्प होईल. खांबावरची नव्हे, जमिनीतली तार ते असंच ऐकून शोधत.

मुलगी वाकून चालू लागली. ट्रान्झिस्टर कडेकडेनं गुणगुणत राहिला. फाट्यावरून आत वळला. उंच गवतात शिरला, अर्धा गोल फिरला, आणि गप्प झाला.

“इथं.”

लाइनमन गुडघ्यांवर बसले. खुरप्यानं माती उकरली. खुर्ची होती तोवर तिचा मागचा पाय दोन वर्षं नेमका वायरीवर रुतत गेला होता. वायरीचं कातडं त्यानं सोलून काढलं होतं, बाकीचं काम ओलीनं केलं. पायाचा खड्डा अजून तसाच होता. त्यांचं बोट त्यात गेलं आणि तिथंच राहिलं.

“मी दोनदा बघितलं होतं,” ते खड्ड्याकडे बघत म्हणाले. “त्या दिवशी. हाच ट्रान्झिस्टर नीट करत होतो आत. खिडकीतून बघितलं, जावई तिच्याजवळ जाऊन वळला. म्हटलं, बसलीय. तासाभरानं पुन्हा बघितलं. पुन्हा वळला. मी खाली मान घालून कामाला लागलो. ही वायर नसती तर तो तिच्या पायाला लागला असता गं. ती हलली नाही हे मला तेव्हाच कळलं असतं.”

मुलगी गवतात खाली बसली.

“त्या मधल्या तासात मी फोन केला होता,” ती म्हणाली. “तुम्ही म्हणालात, आई मजेत आहे, जावईबापू सेवेला आहेत. डॉक्टरांनी नंतर वेळ सांगितली, ती फोनच्या आधीची. मला काय कळलं नसेल, बाबा?”

“वर्षभर हे बोलली नाहीस.”

“तुम्ही तरी कुठं बोललात?”

ट्रान्झिस्टर बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. तो नुसता खरखरत होता.

मग लाइनमन उठले. कात्रीनं त्यांनी झुपका मुळाशी कापला. आतलं गवत पिवळं, मऊ निघालं. गोलाचा फाटा कडेला तोडला आणि तिथली दोन टोकं जोडली, वर पाणी शिरणार नाही अशी टोपी घट्ट बसवली. यंत्राचा दिवा हिरवा झाला.

त्यांनी अडगळीतून खुर्ची आणली, पाय त्याच खड्ड्यांत बसवले आणि स्वतः बसले.

“बाबा, काय करताय? ते आता वळणार नाही हं तिथं.”

“माहीत आहे.”

यंत्र गुरगुरत निघालं. एक पट्टा कापला, दुसरा कापला. जुन्या हद्दीशी आलं. लाइनमननी खुर्चीचे हात धरले. ते थबकलं नाही. सरळ आत आलं आणि त्यांच्या नडगीवर आपटलं. मग थांबलं, मागं सरलं.

“लागलं का, बाबा?” मुलगी धावत आली.

“लागलं,” ते म्हणाले, आणि नडगी चोळत तिथंच बसून राहिले, यंत्र पुन्हा यायची वाट बघत.