हत्ती छापासाठी विझलेली चूल

अशी जवळ सरक, अन् आधी थोडी बोलणी खा. तू नागपुरात, मी इथी वडशाच्या पलीकडच्या खेड्यात, म्हणून कागदावरच जवळ बोलावून राह्यली. परवा फोनवर तू लेकीवर केवढी चिडली होती. ती खेळाडूंच्या चित्रांचे पत्ते गोळा करते, पाकीट फोडल्याशिवाय आत कोण आहे ते कळत नाई, अन् पाहिजे तो एक सोडून बाकीचे सारे दोन-दोनदा निघतात. "आजी, आपल्यासारख्या साध्या माणसाले हा छंद परवडते का?" असं तू मले विचारलं. हे विचारायले तुले मीच भेटली. अगं, मी एका चित्रापायी घरची चूल विझवली होती. पोरीले रागावू नको, ही खोड माझ्याकडून उतरली आहे.

तेव्हा गडचिरोली वेगळी झाली नव्हती, सारा चांदा जिल्हाच होता. मी आठ-नऊ वर्षांची. पत्ते आमच्यापर्यंत पोचले नव्हते. आम्ही आगपेटीवरचे छाप गोळा करत होतो. दोन बोटांएवढा कागद, त्याच्यावर वाघ, मोर, घड्याळ. एकावर जहाज होतं. जहाज गावात कोणी पाहिलं नव्हतं, वैनगंगेतला डोंगा पाहिला होता, म्हणून आम्ही त्याले मोठा डोंगा म्हणत होतो.

या धंद्याची शेठाणी म्हणजे माझी शेजारची मैत्रीण. तिचा बाप धानाचा व्यापारी. वडशाले जाणंयेणं, सिगरेट ओढणं, अन् रिकाम्या आगपेट्या लेकीसाठी खिशात घालून आणणं. माझा बाप विडी ओढे, पण ती चुलीतल्या निखाऱ्यावर पेटवे. आमच्या घरी आगपेटी येतच नव्हती. रात्री निखारे राखेत झाकायचे, पहाटे राख सारून फुंकायचे. विझलेच तर शेजारी गोवरी घेऊन जायचं अन् तिच्यावर विस्तव मागून आणायचा. गावात साऱ्यांचं असंच होतं. पण ज्या बाईची चूल रोजच विझे, तिले गाव नावं ठेवे, हेही ध्यानात ठेव. पुढे कामी येते.

तर छाप मले मैत्रिणीकडूनच घ्यावे लागत. उन्हाळ्यात एका छापाले ओंजळभर टेंभरं, म्हणजे तेंदूची पिकली फळं. रानात टेंभरं पडलेलीच असत, म्हणून छंद परवडे. मग तिले टेंभरांचा कंटाळा आला, ती चारं, म्हणजे चारोळीची फळं, मागायले लागली. चारं तोडायले झाडावर चढावं लागे, म्हणजे भाव वाढला. अन् पाऊस लागला की माझ्याजवळ द्यायले काहीच नाई.

"आता काय देशीन?" ती विचारे.

"बेडूक देऊ का?"

"बेडकं आमच्या आंगणात फुकट येतात."

अशी व्यवहाराची पक्की. रोवण्याचे दिवस आले तोवर माझ्याजवळ नऊ छाप झाले होते, अन् हत्ती नव्हता. लाल हत्ती, सोंडेत कमळ. तिच्याजवळ दोन होते. मी एक मागितला, तर म्हणते, "नऊच्या नऊ दे, मंग हत्ती नेजो."

नऊ देऊन एक घ्यायचा, म्हणजे वाघ, मोर, मोठा डोंगा सारंच गेलं. अन् न द्यावं तर झोप नाई. त्यातच मले दिसलं की गावच्या दुकानात हत्ती छापाच्या पेट्या आल्या आहेत, फळीवर ओळीनं सारे हत्ती माझ्याकडेच पाहून राह्यले.

मायले म्हटलं, "आगपेटी घे ना वो."

"काऊन? चूल मेली का आपली?"

मेली नव्हती. पण मरू शकते, हे तिनंच मले सुचवलं, असं मी तेव्हा स्वतःले समजावलं.

दुपारी माय रोवण्यावर गेली की मी राख सारून निखाऱ्यांवर तांब्याभर पाणी टाकलं. संध्याकाळी ती चिखलाच्या पायांनी आली, चूल थंड. "ओल्या लाकडानं केलं वाटते," म्हणाली अन् मलेच गोवरी देऊन शेजारी पिटाळलं. मैत्रिणीच्या आईनं, म्हणजे काकूनं, गोवरीवर निखारा ठेवून दिला. आगपेटीचं नावच नाई. विस्तव फुकट मिळते हे मी हिशेबातच धरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा काकूचा निखारा. तिसऱ्या दिवशी मी मायसोबत बांधीवर गेली होती. कंबरेत वाकून बाया धान रोवून राह्यल्या होत्या, अन् एकीनं मान वर न करताच टाकलं, "काऊन वो बाई, तुह्या चुलीले थंडी वाजून राह्यली का? पोरगी रोज गोवरी घेऊन फिरते म्हणे."

बाकीच्या हसल्या. मायही हसली, पण तिच्या हातातली रोपं वाकडी लागली. माय ओळीत कधी वाकडं लावत नव्हती.

ते मले दिसलं. दिसूनही मी जेवणाच्या निमित्तानं घरी पळाली अन् तिसऱ्यांदा पाणी टाकलं. हत्ती डोक्यात शिरला की बाहेर निघत नाई.

त्या संध्याकाळी माय चुलीपुढे बसूनच राह्यली. मग पदराची गाठ सोडली, पैसे माझ्या हातावर ठेवले. "जा, आगपेटी आण. आता कोणाच्या दारी जात नाई मी."

मी उडतच गेली. छाप नुसता ओढला तर फाटते, पेटी पाण्यात टाकली की आपसूक सुटते, हे मैत्रिणीनं शिकवलं होतं. मी येडी नव्हती. काड्या भिजल्या तर माय ठोकीन, म्हणून आतला खोका काड्यांसकट काढून ठेवला, अन् वरचं कवच तेवढं पाण्याच्या नांदीत बुडवलं. हत्ती सुटला. सोंडेचं टोक कवचालेच राह्यलं, पण सुटला.

माय म्हणाली, "काड्या आहेत. घासू कशावर?"

मी म्हटलं, "कशावरही घास."

ज्या घरी आगपेटी कधी आली नाई, त्या घरच्या पोरीले काय ठाऊक की काडी पेटते ती कवचाच्या बाजूच्या मसाल्यावर. मायनं दगडावर घासली, पाट्यावर घासली. चार काड्यांची मुंडकी गेली. मग तिचं ध्यान माझ्या हाताकडे गेलं. तळहातावर हत्ती चिकटलेला होता.

मारलं नाई तिनं. एवढंच म्हणाली, "चार बायांत माह्यं नाव घालवलं तू. ह्या चिटोऱ्यापायी?" अन् पुन्हा गोवरी माझ्या हातात दिली.

काकूनं दार उघडलं. गोवरी पाहिली, मले पाहिलं. "तुमच्या चुलीतली राख वली असते का वो पोरी?" असं हळूच विचारलं. मी रडत सारं सांगितलं. मागे मैत्रीण उभी होती, ती म्हणते, "सोंड नाई त्याले. अर्ध्या भावात जाईन." काकूनं तिच्या पाठीत एक घातली अन् मले निखारा दिला.

सकाळी बाया रोवण्यावर निघायच्या वेळी, भर रस्त्यातून, काकू आमच्या दारी. हातात गोवरी. अख्ख्या आळीले ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "बाई, थोडा इस्तो देजो वो. आमची चूल विझली. काय करावं, या पावसात कोणाचीच टिकत नाई."

तिच्या छपरातून धूर निघून राह्यला होता. मी पाहिला, मायनंही पाहिला. माय आत गेली अन् सगळ्यात मोठा, लाल निखारा निवडून आणला. त्या दिवशी बांधीवर चुलीचं नाव कोणी काढलं नाई. व्यापाऱ्याच्या घरचीच विझली तर बोलणार कोण?

मले शिक्षा झाली ती अशी की सारा पावसाळा चूल राखायचं काम माझं. एकदाही विझू दिली नाई.

तर तुझ्या प्रश्नाचं म्हणशील तर, टेंभरांत परवडत होता, चारांत जड जात होता, अन् हत्तीचा भाव माझ्याऐवजी मायनं अन् काकूनं भरला. पोरीले पत्ते घेऊ दे थोडे, फक्त कोणाच्या चुलीवर पाणी पडते तेवढं पाहजो. दहाही छाप माझ्या पेटीत आहेत अजून. तिले म्हण, दोनदा निघालेले पत्ते घेऊन ये, बिनसोंडेच्या हत्तीवर सौदा करू. पोळ्याची वाट नको पाहू. या आठवड्यातच येजो दोघी.