न बोलणारी पहिलटकरीण

गुडघ्यांपायी मी सरकारी दवाखान्यात जायचे ना, तिथे ती दिसायची. आमच्या तमिळ मुलखातल्या कोवलमच्या कोळ्याची बायको, दिवस भरत आलेले, हात काचेच्या बांगड्यांनी भरलेले. बोलायचा तो नवराच. ती नुसती मान हलवायची. एकदा नवरा समुद्रावर गेलेला, म्हणून खिडकीशी तीच बोलली. तिचं तमिळ ऐकून आतली बाई म्हणाली, "तू लंकेची दिसतेस. इथलं कार्ड नसेल तर बाळंतपण इथे होणार नाही. पहिलंच ना? मग माहेरी जा."

माहेरी तर तेव्हा लढाई पेटलेली. मी त्या बाईशी भांडले, पण तिने खिडकी लावून घेतली.

पोरीने उलट मलाच समजावलं, "चूक माझी, अम्मा. मी तोंड उघडायला नको होतं."

पुन्हा काही ती दिसली नाही. कुठे बाळंत झाली देव जाणे, पण कळा सोसतानाही ती ओरडली नसेल, असंच मला वाटत राहतं.