उघडी थाप

उजव्या मनगटाचं प्लास्टर काढून तीन आठवडे झाले. रोज सकाळी मी जालना रोडवरच्या फिजिओथेरपीच्या लहानशा खोलीत जाऊन बसते. तिथे एका चौकोनी भांड्यात मेण वितळत असतं आणि त्याचा ऊबदार, थोडा देवघराचा, थोडा दवाखान्याचा वास खोलीभर साचलेला असतो. तिथली मुलगी माझा हात त्या मेणात बुडवून काढते आणि म्हणते, "मॅडम, हात सैल सोडा ना. तुम्ही धरून ठेवताय." काल तिनं तिसऱ्यांदा असं म्हटलं आणि माझे डोळे एकदम भरून आले. तिला वाटलं, दुखलं. मी तसंच वाटू दिलं. खरं म्हणजे हेच वाक्य मी वर्ष-दीड वर्ष, दर रविवारी, बार्शी नाक्याजवळच्या एका मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात ऐकलं होतं. ज्यांच्या तोंडून ऐकलं, ते आता नाहीत.

मी त्यांना भाई म्हणत असे. जळलेल्या पाणबुडी मोटारी उघडून त्यांत नवी तांब्याची तार भरायची, हा त्यांचा धंदा. पण तरुणपणी ते एका ऑर्केस्ट्रात कोंगो, म्हणजे हातांनी वाजवायचे ते उंच ढोल, वाजवत. उरुसात, लग्नांत, नारायणगडाच्या जत्रेत त्यांनी वाजवलेलं होतं. पुढे डीजे आले, ऑर्केस्ट्रा विरून गेला आणि कोंगोची जोडी दुकानाच्या मागच्या खोलीत चादरीखाली जाऊन बसली. आमच्या मुलींच्या शाळेत स्नेहसंमेलनासाठी कोंगो वाजवणारं कोणी हवं होतं, म्हणून कुणीतरी त्यांचं नाव सुचवलं. मी मराठी शिकवत असे, संमेलनाची जबाबदारी माझ्याकडे होती. पंधरा दिवस ते तालमीला येत राहिले. शेवटच्या दिवशी, मुली घरी गेल्यावर, मी सहज त्या ताणलेल्या चामड्यावर तळहात ठेवला. आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं. घरी माझ्या पावलांखेरीज दुसरा आवाज नव्हता. हाताखाली ते चामडं किंचित थरथरलं, आणि मी पंचेचाळिसाव्या वर्षी विचारलं, "भाई, मला येईल का हो हे?"

"यील की," ते म्हणाले. "हात हाय ना तुमाला?"

हात असणं आणि हात ठेवता येणं यात किती अंतर असतं, ते मला मग कळत गेलं. पहिला महिना त्यांनी मला तालच दिला नाही. फक्त बसायचं. कोंगो गुडघ्यांत धरून जरासा पुढे कलता, म्हणजे खालून आवाजाला वाट मिळते. खांदे पडलेले, कोपर अंगापासून सुटे. उघडी थाप हवी असेल, तर बोटं जिथे तळहाताला मिळतात ती गादी बरोबर कडेवर यायला हवी. बोटं एकमेकांना लागलेली, चामड्यावर पडून लगेच उठणारी. अंगठा बाजूला, नाहीतर कडेवर आपटून डोळ्यांत पाणी आणतो. घुमता आवाज हवा तर सगळा पंजा मधोमध. आणि चाटा, म्हणजे ती फटाक्यासारखी कोरडी थाप, तिला पंजा किंचित खोलगट आणि बोटांच्या टोकांनी चामडं धरल्यासारखं. मी जोर लावायची. ते मान हलवायचे. "कावून जोर लावता, बाई? हात मारायचा न्हाई, पडू द्यायचा. सैल सोडा. तुमी धरून ठेवता." मी आयुष्यभर सगळंच धरून ठेवत आले होते. त्या खोलीत, वॉर्निशच्या उग्र वासात, मी पहिल्यांदा काहीतरी पडू दिलं. एका रविवारी माझ्या हाताखालून तो मोकळा, गोल आवाज निघाला. त्यांच्या पत्नी, भाभी, दुकानामागच्या स्वयंपाकघरातून दारात आल्या आणि हसल्या. त्या क्षणाइतका निर्मळ आनंद मला फार थोड्या गोष्टींनी दिला आहे.

मग एका सकाळी ते माझ्याशी बोलत बोलत तारेला डाग देत होते. मला कातडी करपल्याचा वास आला. पाहिलं तर तापलेली कय्या, म्हणजे डाग द्यायची सळई, त्यांच्या डाव्या हाताच्या बोटाला टेकलेली होती आणि ते बोलतच होते. मी ओरडले. त्यांनी बोट उचलून दुसऱ्याचं असावं तसं पाहिलं. "न्हाई कळलं," ते हळूच म्हणाले. साखरेचं दुखणं बरीच वर्षं अंगात होतं. आता त्यानं बोटांची जाणीव न्यायला सुरुवात केली होती. भाभींना सांगू नका, एवढंच त्यांनी बजावलं.

नेमकं त्याच सुमारास जुन्या ऑर्केस्ट्राच्या मालकांचं बोलावणं आलं. चकलांब्याला गावकऱ्यांनी एक सत्कार ठेवला होता, दुपारी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम, जुनेच वादक हवेत. भाईंच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जी लकाकी आली, ती मी आधी पाहिली नव्हती. ते रोज सराव करू लागले. आणि एका रविवारी वाजवता वाजवता थांबून त्यांनी मला विचारलं, "बाई, खरं सांगा. आजवर बोटं सांगायची अन् कान नुस्ता हो म्हनायचा. आता बोटं गप हायेत, तर कानाची बी खातरी वाटंना. उघडी येती का थाप?"

येत नव्हती. बोटं फाकत होती, कडेवर आधीच आदळत होती, चाट्याच्या जागी ओल्या पोत्यासारखा आवाज येत होता. त्यांनीच घडवलेल्या माझ्या कानाला ते स्वच्छ कळत होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अगदी पहिल्यासारखी येते, भाई."

कार्यक्रमाला मीही गेले. शाळेच्या पटांगणात मंडप होता, माणसं भरपूर. भाई पांढरा शर्ट घालून मागच्या रांगेत बसले होते. दुसऱ्या गाण्यात त्यांचा हात दोनदा घसरला. मालक स्वतःच गात होते; त्यांनी गाता गाताच मागे वळून पाहिलं आणि ध्वनियंत्रावरच्या माणसाला बोटानं खूण केली. त्यानं कोंगोच्या माइकची कळ खाली ओढली. ऑक्टोपॅडवाल्यानं जागा भरून काढली. समोरच्या कुणाला काही कळलं नाही. पुढची सगळी गाणी, तासभर, भाई मान डोलवत, घामानं निथळत, मनापासून वाजवत राहिले, आणि त्यांची एकही थाप मंडपात कुणापर्यंत पोचली नाही. मी तिसऱ्या रांगेत हात मांडीवर घट्ट दाबून बसले होते. गेवराईच्या रस्त्यानं घरी परतताना जीपमध्ये त्यांनी विचारलं, "कसं झालं?" दोन्ही बाजूंना कापसाच्या पराट्या उभ्या होत्या, उन्हं उतरली होती. मी म्हटलं, "लोक खूश होते."

पुढच्या रविवारी गेले तेव्हा ते कोंगोवर चादर घालत होते. कुणीतरी मोबाइलवर कार्यक्रमाचं चित्रण पाठवलं होतं. त्यात ते वाजवताना दिसत होते, ऐकू येत नव्हते. "मालकाचं काई चुकलं न्हाई," ते म्हणाले. "त्येला गाणं सांभाळायचं व्हतं. पण बाई, तुमी सांगायला पायजे व्हतं. मी घरीच ऱ्हायलो असतो." आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवलं नाही. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..." मी सुरुवात केली. ते म्हणाले, "वाईट तर वाटलं असतंच. पण घरात वाटलं असतं."

त्यांनी मला शिकवणं थांबवलं नाही. पण स्वतः पुन्हा कोंगोला हात लावला नाही आणि मला पुन्हा कधी काही विचारलं नाही. थोड्या दिवसांनी मीच जायचं कमी केलं. कारणं मिळत गेली, परीक्षा, पेपर, पाहुणे. वर्षभरानं कळलं, पायाची जखम चिघळली आणि पाय घोट्यावरून काढावा लागला.

भेटायला गेले तेव्हा ते खाटेवर बसून होते, अंग निम्मं झालेलं. भाभींनी चहा दिला आणि काय मनात आलं कोण जाणे, चादर काढून कोंगो माझ्यापुढे सरकवला. मी वाजवलं. इतक्या दिवसांनी हात जड झाले होते, तरी उघड्या थापा बऱ्या पडल्या. भाई डोळे मिटून ऐकत होते. मी थांबले, त्यांनी डोळे उघडले.

"डावा हात मागं ऱ्हातो तुमचा," ते म्हणाले. "लई न्हाई, जरासा. पण ऱ्हातो."

पुढच्या उन्हाळ्यापर्यंतही ते राहिले नाहीत. मी आजही कधी टेबलावर, कधी मांडीवर ठेका धरते, आणि डावा हात केसभर उशिरा पोचतो. तो मला सुधारता आलेला नाही. खोटं बोलून मी एका माणसाला भर मंडपात मुकं होऊ दिलं, आणि त्याच माणसानं, जवळ काही उरलं नसताना, मला मात्र खरं तेच दिलं. इतक्या वर्षांत पुष्कळांनी माझं कौतुक केलं असेल. त्यातलं एकही वाक्य मला आठवत नाही.