लमार हाउसमनचा सपाट गरुड

क्लाइन्सबर्गात लमार हाउसमनने एखाद्या नाण्याला खोटं म्हटलं, की ते खोटंच. मग मालकाने त्याच्यापुढे लोटांगण घातलं तरी उपयोग नसे. जन्मभर पोस्टात शिक्के मारले, आता दुसऱ्यांच्या शिक्क्यांत खोड काढतो, असं त्याची बायको आर्लीन म्हणायची. पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरकुशीत टीव्ही धड दिसायचा नाही, त्यामुळे बंबवाल्यांच्या हॉलमध्ये दर गुरुवारी भरणारं नाणेमंडळ हीच गावाची करमणूक होती.

लमारचा खरा जीव अठराशे छत्तीस सालच्या चांदीच्या डॉलरवर. एका बाजूला बसलेली स्वातंत्र्यदेवी, दुसऱ्या बाजूला उडता गरुड. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने तो आधी मोजकाच पाडला. पुढे वीसेक वर्षांनी शौकिनांच्या तोंडाला पाणी सुटलेलं बघून जुनेच ठसे बाहेर काढले आणि गुपचूप पुन्हा पाडला. साल तेच, देवी तीच. फरक ओळखायचा तो गरुडावरून. देवी सरळ धरायची आणि नाण्याला वरून खाली कोलांटी द्यायची. गरुड वर चढताना दिसला तर अस्सल, सपाट उडताना दिसला तर फेरछाप. "अस्सल गरुडाला कामावर जायचं असतं, फेरछापवाल्याला पेन्शन असते," हे लमारचं ठरलेलं वाक्य. त्यावर हसलं नाही तर तो ते पुन्हा म्हणायचा, म्हणून लोक पहिल्याच वेळी हसून घेत.

त्याची कोलांटीही नावाजलेली होती. अंगठा डाव्या कडेला, मधलं बोट उजव्या कडेला, आणि तर्जनीने वरून एक ढकल. मंडळातल्या एकूण एक माणसाला त्याने ती हाताला धरून शिकवली होती. फर्डी मॉयर खाटीक तर डिट्टो लमारसारखी मान वाकडी करून नाणं उलटायचा.

एका गुरुवारी हुल्डा ब्रेनाइझर आली. नव्वदी ओलांडलेली, कानाने पक्की आणि जिभेने त्याहून पक्की. तिने रुमालाची गाठ सोडून एक डॉलर टेबलावर ठेवला.

"माझ्या पणजोबांचा. फिलाडेल्फियाला मालगाडा घेऊन गेले होते, तिथे भाड्यात मिळाला. मरेपर्यंत खिशात बाळगला. बाबा दर नाताळात ही गोष्ट सांगायचे. आता आमचा नातू म्हणतो, आजी, सगळ्या थापा आहेत. तूच सांग रे त्याला."

डॉलर इतका झिजला होता की अक्षरांवरून काही उमगणार नव्हतं. सगळी भिस्त गरुडावर. लमारने कोलांटी दिली. गरुड सपाट.

"फेरछाप आहे, काकू. अठराशे साठच्या आसपासचा."

"पणजोबा अठराशे एक्केचाळीसलाच गेले. मग काय, थडग्यातून उठून आणला?"

"ते मला काय ठाऊक? गरुड बोलतो तेवढं मी सांगतो."

"म्हणजे माझे बाबा खोटारडे?"

लमारने डॉलर फर्डीकडे सरकवला. फर्डीने मान वाकडी करून उलटला. "सपाट. माझ्या दुकानातल्या फळीसारखा." मग डॉलर टेबलभर फिरला. सगळ्यांच्या हातात गरुड सपाटच.

हुल्डाने रुमाल तेवढा उचलला. "ठेव तुझ्याकडेच. खोट्याचं नाणं मला उशाखाली नको," म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लमार न्याहारी बाजूला सारून डॉलर समोर ठेवून बसला. हुल्डाच्या वडिलांनी त्याला लहानपणी रविवारच्या शाळेत शिकवलं होतं. त्या माणसाने थाप मारली असेल हे त्याला पटत नव्हतं, आणि गरुडाने मारली असेल हे तर मुळीच पटत नव्हतं.

आर्लीनने ओले हात पुसले, डॉलर दोन्ही हातांच्या बोटांत सरळ धरला आणि उलटला. "चढतोय की चांगला!"

"चढत नाही. तुला उलटता येत नाही."

"त्यात काय यायचंय? तुझ्यासाठी जन्मभर पॅनकेकच उलटतेय ना! बरं, तू दाखव."

लमारने दाखवलं. सपाट. पण आर्लीन नाण्याकडे बघतच नव्हती.

"अरे, तुझा अंगठा बघ! खाली घसरलाय. नाणं तिरपं गडगडतंय, मग गरुड बिचारा करणार काय?"

तरुणपणी बेसबॉल झेलताना तो अंगठा मोडला होता आणि वाकडाच जुळला होता. चेंडूने एक अंगठा वाकवला होता, लमारने अख्खं मंडळ वाकवलं होतं.

"डॉलर हळूच नेऊन देतो," तो पुटपुटला.

"हळूच? चारचौघांत खोटं पाडलंस, आता चारचौघांतच खरं कर."

पुढच्या गुरुवारी हुल्डाला मानाने आणून बसवलं. लमार उभा राहिला, कानापर्यंत लाल झाला. "काकू, चूक माझी. डॉलर अस्सल आहे. तुमचे वडील खरं सांगत होते."

"तोंडाने नको. करून दाखव."

त्याने कोलांटी दिली. गरुड सपाट. हॉलमध्ये हशा पिकला. पुन्हा दिली. पुन्हा सपाट. अंगठा काही केल्या वर येईना. फर्डी मदतीला धावला, तर त्याचाही सपाट.

शेवटी हुल्डा उठली. तिने लमारचा अंगठा मुठीत पकडला आणि कडकन वर लोटला. लमार कळवळला.

"ओरडू नकोस. फिरव आता."

डॉलर सरळ उलटला. गरुड चोच वर करून चढत होता.

"पुन्हा," हुल्डा म्हणाली. तिने अंगठा सोडला नव्हता.

लमारने पुन्हा फिरवला. ती गरुडाकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

"बाबा गोष्ट सांगायचे तेव्हा आम्ही भावंडं तोंड दाबून हसायचो रे," ती म्हणाली. "सगळ्यांत जास्त मी."