पुठ्ठ्याचं टेबल

सगळे तिला पुठ्ठेबाई म्हणत आणि तिला त्याचा रागही येत नसे. मोठमोठ्या कचेऱ्यांत जायचं, टाय लावलेल्या माणसांना जमिनीवर बसवायचं, हातात कात्री, डिंक आणि पुठ्ठा द्यायचा आणि नवं काही सुचतं कसं ते शिकवायचं, हा तिचा धंदा. आधी माणसं नाक मुरडत. तासाभरात तीच माणसं डिंकाच्या बाटलीवरून भांडत.

तिचा एक नियम पक्का होता. 'तुम्हाला काय हवं' असं कुणाला विचारायचं नाही. शेजारी बसायचं आणि दिवस कसा गेला ते विचारायचं. "'छान गेला' हे उत्तर नव्हे," ती बजावायची. "छान म्हटलं की समजा, समोरच्यानं दार लावून घेतलं." आणि शेवटी प्रत्येकानं आपला नमुना आपल्याच हातानं मोडायचा, म्हणजे त्याच्या प्रेमात पडायला नको.

औषधाच्या कारखान्यातून बोलावणं आलं तेव्हा ती हरखली. तिथे पॅकिंगला तिची वहिनी होती. आई गेल्यावर वहिनीनंच तिला वाढवलं, भाऊ गेल्यावर याच पगारावर शिकवलं, आणि अजून दोघी एकाच घरात राहत होत्या. वाकून वाकून बाटल्या खोक्यात भरताना वहिनीची कंबर पार कामातून गेली होती. पुठ्ठेबाईला वाटलं, चला, आपली विद्या एकदा तरी घरच्या माणसाच्या कामी येईल.

आदल्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात वहिनीशेजारी जाऊन बसली आणि दिवस कसा गेला म्हणून विचारलं. वहिनी भाजी चिरता चिरता बोलत सुटली.

"दुपारनंतर उभंच राहवत नाही गं. मग मी खोक्यांच्या ढिगामागे जरा टेकते, आणि शेजारच्या दोघी माझ्या वाटणीचं उरकतात. मुकादमाला पत्ताच नाही. बोलायचं नाही हं कुठे!"

"वहिनी, मी काय वेडी आहे?"

वेडी नव्हती, हुशार होती. तिथेच घात झाला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या साहेब लोकांना ऐकणं म्हणजे काय ते समजावताना तिनं हाच किस्सा सांगितला. नाव घेतलं नाही. 'कमरेला पट्टा बांधणारी एक बाई' म्हणाली, आणि असा रंगवून सांगितला की एकानं तर डोळे पुसले. पट्टा बांधून येणारी बाई अख्ख्या पॅकिंगमध्ये एकच होती, हे तिच्या गावीही नव्हतं. बाकी सगळ्यांना ते ठाऊक होतं.

मग गट पडले, पुठ्ठे कापले गेले. एका गटानं उतरतं टेबल केलं. बाटल्या घरंगळत हाताशी येणार, वाकायचं कामच नाही. मोडायची वेळ आली तेव्हा मोठे साहेब पुढे झाले.

"हे नका मोडू, बाई. हे आम्ही खरंच करणार."

इतक्या वर्षांत तिच्या कार्यशाळेतली एकही वस्तू पुठ्ठ्यातून बाहेर आली नव्हती. तिनं नियम गुंडाळून ठेवला. टाळ्या वाजल्या तेव्हा तिला रडू आलं.

टेबल खरंच झालं. पत्र्याचं, गुळगुळीत. वाकायचं नव्हतं, काम झरझर होत होतं, म्हणून तेवढ्या बायकाही नको झाल्या. आधी कुणाला काढायचं यावर साहेबांना डोकं खाजवावं लागलं नाही. जिचं काम दुसऱ्या करत होत्या तिला काढलं, आणि तिला पाठीशी घालणाऱ्या त्या दोघींनाही.

वहिनी भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं जेवणाचा डबा घासला, फडताळात पालथा घातला आणि म्हणाली, "परक्या कुणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, सगळं ठीक आहे. तू विचारलंस."

"मी तुझ्यासाठीच केलं गं, वहिनी."

"माहीत आहे."

कार्यशाळा चालूच आहेत. न चालवून सांगते कुणाला, घर आता तिच्याच कमाईवर आहे. त्या टेबलाचा फोटो दाखवला की नवी कामं मिळतात, म्हणून ती तो दाखवते. लाज वाटते, तरी दाखवते.

संध्याकाळी घरी आली की ती वहिनीजवळ जाऊन बसते. वहिनी भाजी चिरत असते.

"कसा गेला दिवस?"

"छान गेला," वहिनी म्हणते, आणि ताट वाढायला उठते.